पत्रशीर्षांचे रूपांतर : बोरघाटाखालील प्रदेशाच्या संदर्भात काही विचार

१

कर्जत व खालापूर हे दोन तालुके आज रायगड जिल्ह्यात मोडतात. सह्याद्रीचा कडा आणि मुंबईची खाडी यांच्या दरम्यान पसरलेला हा अंतर्भाग समुद्रापासून दूर असला तरी कोणत्याही काळी एकाकी नव्हता. देश आणि कोकण यांना जोडणारा बोरघाट येथेच उतरतो. घाटाच्या पायथ्याशी खोपोली आहे. तेथील विस्तीर्ण तलाव व महादेवाचे देवालय ही नाना फडणिसांच्या काळाची साक्ष आजही देतात. पुण्याचा जासूद मुंबईस जावयाचा झाला, अथवा मुंबईकर इंग्रजांचा खलिता पुणे दरबारी पोहोंचावयाचा झाला, तर तो बहुधा ह्याच वाटेने जाई. १८३० साली गाड्यांचा रस्ता घाटातून खुला झाला. १८५६ साली लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. परंतु मधला घाट १८६३ पर्यंत लोहमार्गाने जोडला गेला नव्हता. ह्या पाच वर्षांत प्रवासी, माल व टपाल ही खोपोलीस एका वाहनातून उतरत आणि घाट चढून दुसऱ्या वाहनात बसत.

घाट ही वाहन बदलण्याची जागा होय. तथापि ज्या काळी मुंबई आणि पुणे ही दोन भिन्न राजसत्तांची ठिकाणे होती, त्या काळी घाट ओलांडताना पत्राचे केवळ वाहन बदलत नसे. त्याचे शीर्षही बदलत असे. तारीख, सन, लिहिणाराचे व घेणाराचे किताब, आदराचा मायना, शिक्का, रवानगीची व पोहोंचल्याची नोंद ही सर्व एका दफ्तराच्या चालीतून दुसऱ्या दफ्तराच्या चालीत उतरवावी लागत. पत्राच्या मजकुराचे भाषांतर हा विषय आपल्याकडे पुष्कळ चर्चिला गेला आहे. पत्रशीर्षाच्या रूपांतराकडे मात्र जंत्री पाहून उरकावयाचे काम म्हणूनच पाहिले जाते. प्रस्तुत लेखात एवढेच दाखवावयाचे आहे की, हे काम वाटते तितके निरुपद्रवी नाही. आणि त्यात झालेली चूक मजकुरातील चुकीहून अधिक काळ टिकते, कारण ती कोणाच्या लक्षात येत नाही.

२

मराठेशाहीतील पत्राच्या शीर्षात कोणती अंगे असतात, हे प्रथम पाहू. माथ्यावर श्रीकार किंवा इष्टदेवतेचे नाव. त्याखाली मायना. बरोबरीच्यास ‘राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री’, वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’, आणि हाताखालच्या कामगारांस थोडक्यात नाव व हुद्दा. त्यानंतर ‘दंडवत’, ‘आशीर्वाद’, ‘साष्टांग नमस्कार’ यांपैकी एक. मायना व नमनाचा हा शब्द एकत्र वाचला की लिहिणारा आणि घेणारा यांचे परस्परांशी नाते, जात व पायरी कळते. राज्याभिषेकापूर्वीच्या आज्ञापत्रांत ‘अजरख्तखाने’, ‘मशरूल अनाम’ असे फारसी दफ्तरातून जसेच्या तसे उतरलेले मायनेही आढळतात. सनाची खूण ‘सु॥’, चंद्राच्या तारखेची खूण ‘छ’. शेवटी मोर्तब. ह्याशिवाय घेणाराच्या दफ्तरात पत्र केव्हा दाखल झाले याची नोंद पाठीवर किंवा माथ्यावर केलेली असते. ही नोंद पत्रलेखकाची नव्हे. ती वाटेत मिळालेली आहे. तेव्हा एकाच कागदाच्या शीर्षात दोन हातांची व दोन दिवसांची माहिती एकत्र नांदत असते, हे विद्यार्थ्याने पहिल्यापासून ध्यानात ठेवावयास हवे.

ह्या अंगांचे रूपांतराच्या दृष्टीने तीन वर्ग पडतात. काही अंगे गणिताने बदलता येतात. तारीख व सन ही त्यांपैकी होत. काही अंगे कोष्टकाने बदलता येतात. हुद्द्यांची व स्थळांची नावे ह्या वर्गात येतात. आणि काही अंगांस दुसऱ्या दफ्तरात प्रतिरूपच नसते. मायना हे त्याचे ठळक उदाहरण. पहिल्या वर्गात चूक होते, दुसऱ्यात घोटाळा होतो, आणि तिसऱ्यात नुकसान होते.

३

प्रथम गणिताचा वर्ग घेऊ. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात जनरल गॉडर्ड याने ८ फेब्रुवारी १७८१ च्या रात्री बोरघाट सर केला. मराठी कागदांत हा गृहस्थ ‘गाडर’ ह्या नावाने वावरतो. घाटमाथ्यावर आघाडी आणि पायथ्याशी मुख्य तळ अशी त्याच्या फौजेची मांडणी होती. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याची रसद तोडून त्यास जेरीस आणले व एप्रिलात त्यास पनवेलीकडे माघार घ्यावी लागली. पुढे १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला, हे सर्वांस ठाऊक आहे.

आता ही एकच रात्र निरनिराळ्या दफ्तरांत कशी नोंदली जाईल ते पाहा. इंग्रजी दफ्तरात ८ फेब्रुवारी १७८१, गुरुवार. पंचांगाप्रमाणे शके १७०२, माघ, पौर्णिमेचा सुमार. शुहूर सन ११८१. तो आकड्यांनी न लिहिता अरबी संख्याशब्दांनी ‘इहिदे समानीन मया व अलफ’ असा लिहावयाचा, म्हणजे एक, ऐंशी, शंभर आणि हजार. फसली सन ११९०. राज्याभिषेक शक १०७. हिजरी सन ११९५, सफर महिना, गणिताने चंद्र १३.

शुहूर सनात ५९९ मिळविले असता इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या दिवसांस ६०० मिळवावे लागतात, हा नियम प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतो. परंतु नियमाच्या पोटात एक खाच आहे. शुहूर सन हे सौर वर्ष असून सूर्याच्या मृगप्रवेशापासून सुरू होते. म्हणूनच त्यास मृगसाल म्हणतात. त्याबरोबर लिहिलेली ‘छ’ची तारीख मात्र चांद्र महिन्याची असते. सौर वर्ष ३६५ दिवसांचे, चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे. परिणामी प्रत्येक शुहूर वर्षात सुमारे अकरा चांद्र तारखा दोनदा येतात: एकदा वर्षाच्या आरंभी, एकदा अखेरीस.

आपल्या उदाहरणातील सन ११८१ च घ्या. गणित करता ह्या वर्षी जमादिलाखरचा पहिला आठवडा मृगाच्या लगत, जून १७८० च्या आरंभी येतो. आणि पुढल्या मृगापूर्वी, मे १७८१ च्या अखेरीस, पुन्हा येतो. समजा, खालापुराकडील एखाद्या गावाच्या कागदात ‘छ ५ जमादिलाखर, सु॥ इहिदे समानीन’ अशी तारीख आहे आणि मजकूर घाटाच्या चौकीवरील शिबंदीचा किंवा गावची पिके लुटली गेल्याचा आहे. ही तारीख ८ जून १७८० च्या सुमाराची असू शकेल, तशीच २९ मे १७८१ च्या सुमाराचीही असू शकेल. पहिल्या अर्थाने तो कागद गॉडर्डच्या स्वारीपूर्वीचा ठरतो. दुसऱ्या अर्थाने स्वारीनंतरचा. म्हणजे गावाची लूट कोणी केली, चौकी कशासाठी बसविली, सूट का मागितली, ह्या सर्वांची उत्तरे शीर्षाच्या एका ओळीच्या वाचनावर उलटीपालटी होतात. जंत्रीतील पहिली सापडलेली जोडी उचलून इसवी तारीख देणारा संपादक येथे नकळत इतिहास लिहीत असतो, आणि मूळ ओळ त्याने छापली नसेल तर त्याची चूक कोणास दुरुस्तही करता येत नाही.

ह्या अडचणीतून सुटण्याचे एक साधन पुष्कळदा त्याच ओळीत असते. ते म्हणजे वार. सन बदलले, महिने बदलले, पंचांगे बदलली. परंतु सात वारांची साखळी सर्व दफ्तरांत एकच चालत आली आहे. वरील दोन दिवसांपैकी ८ जून १७८० हा गुरुवार होता व २९ मे १७८१ हा मंगळवार होता. चंद्रदर्शनामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडला तरी वार दिलेला असल्यास निर्णय बहुधा करता येतो. म्हणून वार हा नकलकाराने कधीही गाळू नये. तो निरर्थक दिसतो, पण ताळा पाहण्याचे काम तोच करतो.

४

दिवस केव्हा बदलतो हाही प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. मुसलमानी गणनेत दिवस सूर्यास्तास सुरू होतो, पंचांगात सूर्योदयास, आणि इंग्रजी व्यवहारात मध्यरात्री. बोरघाट सर झाला तो रात्री. म्हणजे सूर्यास्तापासून पाहिले तर तेव्हा सफरचा चौदावा चंद्र लागला होता, सूर्योदयाच्या हिशेबाने गुरुवार अजून संपावयाचा होता, आणि मध्यरात्रीनंतर इंग्रजी दफ्तरात ९ तारीख व शुक्रवार लागला होता.

ह्याचे याहून बोलके उदाहरण ह्याच जिल्ह्यातील रायगडावरचे आहे. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी, शनिवारी झाला, असे आपण म्हणतो. इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन ह्या प्रसंगी गडावर हजर होता. जेधे शकावलीत मात्र सिंहासनारोहणाचा वार शुक्रवार व तिथी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी दिली आहे. वरवर पाहणारास दोन साधनांत विरोध दिसेल. वस्तुतः विरोध मुळीच नाही. शकावलीत रात्र तीन घटका उरली असता असे स्पष्ट म्हटले आहे. तीन घटका म्हणजे बहात्तर मिनिटे. सूर्योदय व्हावयाचा होता, म्हणून पंचांगाचा शुक्रवार चालू होता. मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणून इंग्रजी शनिवार लागला होता. घटकांची ही नोंद ‘अनावश्यक तपशील’ म्हणून कोणी गाळली असती, तर आज दोन पक्ष पडून निष्फळ वाद माजला असता.

पुन्हा, ही ६ जून जुन्या पद्धतीची आहे. इंग्लंडने सुधारलेले पंचांग १७५२ साली स्वीकारले; तोपर्यंत मुंबईकर इंग्रज जुने ज्यूलियन पंचांग चालवीत. पोर्तुगिजांनी नवे पंचांग १५८२ सालीच उचलले होते. म्हणजे सतराव्या शतकात मुंबईची तारीख आणि चौलच्या पोर्तुगीज ठाण्याची तारीख यांत दहा दिवसांचे अंतर असे. त्यातही इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडून शरण आणली, त्या प्रसंगाची रूढ तारीख २ फेब्रुवारी १६६१ आहे. काही ठिकाणी ३ फेब्रुवारीही आढळते. ही जुन्या पद्धतीची तारीख होय. नव्या पद्धतीने तो दिवस १२ फेब्रुवारीचा येतो. आणि त्याच महिन्यात लिहिलेल्या एखाद्या इंग्रजी पत्राच्या माथ्यावर वर्ष १६६० असे असेल, कारण २५ मार्च अजून यावयाचा होता. ह्या गोष्टी ठाऊक नसलेला वाचक पत्र एक वर्षाने मागे ढकलील व कारणापूर्वी कार्य घडल्याचे दाखवील.

५

आता कोष्टकाचा वर्ग. राज्याभिषेकाच्या सुमारास हुद्द्यांची फारसी नावे बदलून संस्कृत नावे दिली गेली. पेशवा हा पंतप्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत, सरनौबत सेनापती. रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेला राजव्यवहारकोश हा तर दफ्तरी शब्दांच्या रूपांतराचा आपल्याकडील पहिला पद्धतशीर प्रयत्न होय. परंतु कोशाने शब्द दिला म्हणून दफ्तराने तो घेतला असे होत नाही. पेशवा हा शब्द पुढे राज्याच्या अखेरीपर्यंत टिकला. फडणीस व चिटणीस तर आजही आडनावांत आहेत. म्हणून एखाद्या कागदात ‘मुजुमदार’ असता नकलेत ‘अमात्य’ लिहिणे हे भाषांतर म्हणून शुद्ध असले तरी पुरावा म्हणून अशुद्ध आहे. कोणत्या साली, कोणत्या दफ्तरात, कोणता शब्द चालू होता, हीच तर माहिती आपणांस हवी असते.

स्थळनामांचीही तीच गोष्ट. खोपोली इंग्रजी ग्रंथांतून ‘कॅम्पूली’ होऊन येते. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात ती तशीच भेटते. जिल्ह्याचे नाव पाहावे तर कर्जत १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, नंतर कुलाबा जिल्ह्यात आले, आणि १९८१ साली कुलाब्याचे नाव रायगड झाले. आज यादी करताना सर्व कागदांवर सरसकट ‘जिल्हा रायगड’ असा शिक्का मारला, तर १८७० सालचा कागद कोणत्या कचेरीतून निघाला व त्याचे जोडकागद कोठे शोधावयाचे, हा मागच पुसला जातो. ह्याच्या उलट, आजचे नाव मुळीच दिले नाही तर नव्या अभ्यासकास कागद सापडत नाही. दोन्ही नावे ठेवणे एवढाच मार्ग उरतो.

तिसऱ्या वर्गाची स्थिती सर्वांत शोचनीय आहे. १७८६ साली चार्ल्स मॅलेट पुण्यास वकील म्हणून आला. तेव्हापासून पुणे दरबार व कंपनी यांचा पत्रव्यवहार नियमित झाला. एतद्देशीय दरबारांशी लिहिताना कंपनीचे माध्यम बहुधा फारसी असे. मुनशी फारसी करी व साहेबाच्या दफ्तरात त्याचे इंग्रजी होई. ह्या इंग्रजी भाषांतरांत मायन्याच्या जागी ‘आफ्टर कॉम्प्लिमेंट्स’ असा एक ठराविक शब्दबंध येतो. म्हणजे आदराचे शब्द झाले, आता कामाचे ऐका. ज्या ओळीवर दरबारात चिटणीस विचार करीत, ज्या ओळीतील एक उपाधी कमी झाली तर मानापमान उद्भवे, ती ओळ घाट उतरल्यावर दोन शब्दांत विरून जाई. इंग्रजी कारकुनास तिचा उपयोग नव्हता, हे त्याच्या दृष्टीने खरे आहे. परंतु आपण जेव्हा केवळ ह्या भाषांतरांवरून पेशवे व कंपनी यांचे संबंध मांडतो, तेव्हा कोण कोणास बरोबरीचा मानीत होता, हा पुरावा आपल्या हातून आधीच गळालेला असतो. खेदाची गोष्ट ही की, आपल्याकडील कित्येक छापील संग्रहांतही जागेच्या बचतीसाठी मायना गाळलेला आढळतो. परक्याने उपयोग नाही म्हणून टाकले, आणि आपण नेहमीचेच आहे म्हणून टाकले. परिणाम एकच झाला.

६

हा प्रश्न केवळ जुन्या बाडांचा आहे असेही नाही. आज बँका, कारखाने व मोठी कार्यालये यांच्या संगणकयंत्रणा एकमेकींस सतत निरोप पाठवीत असतात. अशा प्रत्येक निरोपास मजकुराखेरीज एक शीर्ष असते: निरोपाची ओळख, उत्तर कोठे पाठवावे, प्राधान्य किती, निरोप केव्हा बाद समजावा, इत्यादी. एका पद्धतीच्या यंत्रणेतून दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रणेत निरोप जाताना हे शीर्ष उतरवून घ्यावे लागते, आणि तेथेही आपलेच तीन वर्ग दिसतात. आयबीएमच्या एमक्यू ह्या यंत्रणेत निरोपाचे आयुष्य सेकंदाच्या दशांशांत, ‘अजून किती उरले’ असे मोजतात. जावाच्या जेएमएस पद्धतीत तीच गोष्ट १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत, ‘अमुक क्षणी संपेल’ अशी लिहितात. निरोप कधीच बाद होऊ नये हे सांगावयास पहिली उणे एक लिहिते, दुसरी शून्य. एकीचा आकडा अर्थ न पाहता दुसरीत उतरविला तर चिरंजीव निरोप अल्पायुषी व्हावयाचा. जेएमएसच्या गुणनामांत संयोगचिन्ह चालत नाही. तेव्हा दुसरीकडून तसे नाव आले तर ते बदलावे तरी लागते किंवा टाकावे तरी लागते. जे शीर्षांग आपणांस कळत नाही ते न मोडता पुढे पोहोंचवावे, ही शहाणपणाची रीत त्या क्षेत्रातील जाणकारही सांगतात. चिटणिसाच्या फडात आणि यंत्राच्या फडात अंतर मोठे आहे. परंतु दोन व्यवस्थांच्या सीमेवर बसलेल्या माणसाचा धर्म दोन्हीकडे एकच दिसतो.

७

येथवरच्या विवेचनाचे तात्पर्य पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी थोडक्यात मांडतो. कर्जत-खालापूर भागातील वतनदार घराण्यांत जे मोडी कागद अद्याप शिल्लक असतील, त्यांच्या नकला करताना पत्रशीर्ष अक्षरशः उतरावे. ‘सु॥’, ‘छ’, मोर्तब, वार, घटका, पोहोंचल्याची नोंद यांपैकी काहीही सोडू नये. रूपांतरित तारीख मूळ ओळीच्या जागी न लिहिता तिच्या शेजारी लिहावी, आणि ती कोणत्या जंत्रीवरून काढली, जुन्या पद्धतीची की नव्या, हे नमूद करावे. जेथे दोन तारखा संभवतात तेथे दोन्ही द्याव्यात. निर्णय मजकुराच्या आधारे करून तो निर्णय आपला आहे असे सांगावे. हुद्दे व स्थळे यांची आजची नावे सूचीत घालावीत, नकलेत घालू नयेत. मायना कितीही ठराविक वाटला तरी तो पूर्ण द्यावा.

गणित चुकले तर ते पुन्हा करता येते, पण त्यासाठी मूळ आकडा हाती असावा लागतो. पुणे आणि मुंबई यांच्या दरम्यान घाटाच्या पायथ्याशी शतकानुशतके कागद हात बदलीत आले. ते ज्यांनी वाहिले त्या जासुदांनी खलित्याची मोहर फोडली नाही. आज तेच कागद पुढल्या पिढीकडे नेणारे आपणही एक प्रकारचे जासूदच आहोत, आणि आपणांकडून त्याहून कमी अपेक्षा करता येणार नाही.